सहा नंबरचा ग्लास

"तीन नंबर," हॉटेलमालक म्हणाला. "साहेब, बोला."

साहेबांनी ग्लास नाकाखाली धरला. एक घोट घेतला, तोंडात फिरवला, दुसरा घेतला, आणि ग्लास खाली ठेवून रुमालानं ओठ टिपले. मागच्या खुर्च्यांवरची मंडळी पुढे सरकून बसली. त्यांना आता काय येणार हे माहीत होतं, फक्त कोणावर येणार ते माहीत नव्हतं.

"काकडी घातलीय," साहेब म्हणाले. "काकडी बिचारी चांगली होती हो. तिच्या घरच्यांना कळवलंत का?"

हॉटेल हसून हसून पडायचं बाकी राहिलं. मालकानं ते वाक्य फळ्यावर तीन आकड्याखाली खडूनं लिहून टाकलं. मागच्या रांगेत एक माणूस सगळ्यांपेक्षा जरा जास्तच मोठ्यानं हसत होता, त्यावरून ती काकडी कोणाची हे चाणाक्ष लोकांनी ओळखलं.

घरच्या घरी, गॅरेजमध्ये, पोटमाळ्यावर बिअर करणाऱ्या हौशी लोकांची ही वर्षातली एकच स्पर्धा. ग्लास काळ्या कागदात गुंडाळलेले, वर फक्त नंबर. टेबलामागे चार परीक्षक, समोर पाणी आणि सुकी बिस्किटं. प्रत्येकानं चव घ्यायची, मोठ्यानं एक वाक्य बोलायचं आणि दहापैकी गुण द्यायचे. जी पहिली येईल ती बिअर वर्षभर या हॉटेलच्या नळाला लागून विकली जाणार. बाकी तिघांची वाक्यं लोक ऐकून घेत, साहेबांची पाठ करत. त्यांना पाठीमागे 'करवत' म्हणत. साहेबांना हे ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं.

उभा जन्म त्यांनी विमा कंपनीत नुकसानीची पाहणी करण्यात घालवला होता. कोणाचं दुकान जळालं, कोणाच्या गोदामात पाणी शिरलं, की साहेब जायचे आणि नुकसान मुळात झालंच कसं नाही ते लिहून यायचे. रडणारी माणसं त्यांनी इतकी पाहिली होती की रडण्यातली भेसळही त्यांना चवीवरून कळली असती. निवृत्त झाल्यावर काय करावं, असा त्यांना प्रश्नच पडला नाही. खोट काढायला जगात वस्तूंना तोटा नाही.

आज मात्र त्यांचं लक्ष ग्लासात नव्हतं. मागच्या भिंतीला टेकून त्यांचा मुलगा उभा होता. आजच्या ग्लासांपैकी एक त्याचा होता.

मुलानं चांगली नोकरी सोडून गॅरेजमध्ये भांडी मांडली होती. आज नंबर लागला तर धंदा. नाही लागला तर भांडी विकायची आणि मिळेल तिथं खर्डेघाशी करायची, असं त्यानं आईला सांगितलं होतं. बापाला नव्हतं सांगितलं. बापाला या घरात गोष्टी भिंतीपलीकडूनच कळत.

सकाळी साहेब बुटांची नाडी बांधत असताना बायको समोर येऊन उभी राहिली होती.

"अहो, आज तरी पोरासाठी जीभ आवरा."

"ग्लासावर नाव नसतं," साहेब म्हणाले होते.

"तुम्हाला नाव लागतं होय? वासावरून माणसाचं कूळ सांगता तुम्ही. ओळखाल तुम्ही. आणि ओळखलीत तर एवढं एकदा त्याच्या पदरात टाका. मी आजवर काही मागितलं नाही तुमच्याकडे."

हे खरं नव्हतं. तिनं पुष्कळदा मागितलं होतं, दरवेळी दावा फेटाळला गेला होता. पण आज ती नाडीकडे बघत बोलत होती, आणि तिचा आवाज नेहमीसारखा तापलेला नव्हता. साहेब नाडीची गाठ मारून बाहेर पडले. रस्त्यात त्यांनी ठरवून टाकलं. आयुष्यात पहिल्यांदा खोटं लिहायचं. एकदाच. पोरासाठी.

आणि ओळखायचं कसं, हा प्रश्नच नव्हता. मागच्या हिवाळ्यात मुलानं त्यांना घरात एक ग्लास दिला होता. धुरावर भाजलेल्या बार्लीची, काळीभोर बिअर. मुलगा ग्लास देऊन समोर उभा राहिला होता, लहानपणी प्रगतिपुस्तक देऊन राहायचा तसाच. साहेब म्हणाले होते, "जळक्या घराची पाहणी करायला गेलो की असाच वास यायचा. मी अशा घरांना एक पैसा मंजूर करत नसे." बायकोनं हातातलं भांडं आपटलं होतं. मुलगा हसला होता आणि ग्लास उचलून घेऊन गेला होता. त्यानंतर त्यानं बापाला थेंबभरही चाखायला दिली नव्हती. गॅरेजचं दार तो आतून लावून घ्यायचा.

"चार नंबर," मालक म्हणाला.

साहेबांनी ग्लास नाकाशी नेला मात्र, त्यांनी ओळखलं. धूर! तोच काळा, जाडाभरडा धूर, पहिल्या घोटाला घसा धरणारा. हीच. बिअर म्हणून ती वाईटच होती. पण साहेबांनी डोळे मिटले, मान डोलावली आणि म्हणाले,

"हिला म्हणतात हिंमत. बनवणाऱ्यानं कोणाच्या बापाची पर्वा केलेली नाही."

मंडळी एकमेकांकडे बघू लागली. करवतीच्या तोंडून कौतुक! टेबलावरची कॉफीवाली बाई, जी स्वतःच्या दुकानात बिया भाजत असे, चकित होऊन म्हणाली, "मला तर कडवट लागली बाई. पण तुम्ही म्हणताय म्हणजे असेल काहीतरी." तिनं आपले गुण खोडून वाढवले. इतर दोघांनीही वाढवले. साहेबांनी दहापैकी नऊ दिले. त्यांना अगदी हलकं वाटलं. भिंतीकडे बघायचा मोह त्यांनी आवरला.

पाच नंबर मिरीची होती, तिला त्यांनी सहज उडवून लावलं. मग सहा आला.

सहा नंबर फिकट होती. नासपतीचा वास, जवळजवळ नसल्यासारखा. मग जिभेच्या कडेला किंचित मीठ, आणि घोट गिळल्यावर मागे राहणारा एक स्वच्छ, थंड गोडवा. साहेबांनी दुसरा घोट घेतला. मग नकळत तिसरा.

"ही छान आहे," कॉफीवाली म्हणाली. "साधी आहे, पण किती नीट!"

"आज हिचाच नंबर लागणार," शेजारचा परीक्षक पुटपुटला.

साहेब सावध झाले. ही बिअर पोराच्या मुळावर येणार होती. चार नंबरला वर ओढून भागणार नव्हतं, हिला खाली पाडायला हवं होतं. आणि खाली पाडणं हे तर त्यांच्या हातचं काम. उत्तम वस्तूतली खोट काढायची तर ती वस्तू आधी नीट समजावी लागते, आणि ही बिअर त्यांना फार नीट समजली होती.

"ही बिअर," ते सावकाश म्हणाले, "कोणाला तरी भिऊन केलीय. बघा ना, ग्लाससुद्धा तिचाच आहे, तरी अंग चोरून बसलीय. विचारलंत तर सांगेल, मी जाते हं, उगाच तुम्हाला त्रास नको."

आधी एक जण हसला, मग सगळेच. टाळ्या पडल्या. कोणीतरी मागून आवाज बारीक करून म्हणालं, "मी जाते हं!" आणि हशाची दुसरी लाट आली. कॉफीवालीसुद्धा हसली, आणि हसल्यावर माणसाला त्याच वस्तूला चांगले गुण देता येत नाहीत. साहेबांनी दोन दिले.

निकाल लागायला वेळ लागला नाही. चार नंबर पहिली. सहा नंबर शेवटची, काकडीच्याही खाली.

आता इथली रीत अशी होती की, निकालानंतर प्रत्येकानं फळ्यापाशी येऊन आपल्या नंबराखालचं वाक्य स्वतः मोठ्यानं वाचायचं. टीका पचवता आली पाहिजे म्हणून ही रीत पाडली होती, आणि ती साहेबांनीच सुचवली होती.

"चार नंबर!" मालक ओरडला.

साहेबांनी आता भिंतीकडे पाहिलं. मुलगा हलला नाही. पुढच्या रांगेतून टायरच्या दुकानाचा मालक उठला, फळ्यापाशी गेला आणि "हिला म्हणतात हिंमत" हे घसा फाडून वाचलं. मग थेट टेबलामागे येऊन त्यानं साहेबांना मिठी मारली. "तुमच्यामुळे, साहेब! बायको म्हणत होती, गटारात ओत. आता तिला दाखवतो." त्याच्या अंगाला रबराचा वास येत होता. साहेबांचे हात दोन्ही बाजूंना लोंबत राहिले.

एक-दोन झाले, तीन आला, पाच आला, लोक हसले. मग मालक म्हणाला, "सहा."

मुलगा भिंतीपासून निघाला. खुर्च्यांमधून वाट काढत, कोणाच्या पायाला पाय लागू न देता पुढे आला. बऱ्याच जणांना तो कोणाचा हे माहीत होतं, त्यामुळे हशा अर्ध्यात विरला. त्यानं फळ्याकडे तोंड केलं आणि स्पष्ट, एकसारख्या आवाजात वाचलं, "ही बिअर कोणाला तरी भिऊन केलीय." पुढचं सगळं वाचलं. 'मी जाते हं' हेही वाचलं, एक अक्षर गाळलं नाही. मग वळून त्यानं परीक्षकांना मान लववली, चौघांना सारखीच, आणि परत जागेवर गेला.

"आयला, सख्ख्या पोराला दोन!" कोणीतरी म्हणालं. "याला म्हणतात परीक्षक!" आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. साहेबांसाठी. पुष्कळ वेळ वाजवल्या.

परतताना मुलगा गाडी चालवत होता. दुपार कलली होती, रस्त्यावर सायकल शिकवणारे बाप आणि पडणारी पोरं होती.

"मला वाटलं चार नंबर तुझी," साहेब शेवटी म्हणाले.

"चारमध्ये धूर होता."

"म्हणूनच तर."

"धूर तुम्हाला आवडत नाही ना. मग मी कशाला घालीन?" मुलानं गिअर बदलला. "पूर्ण हिवाळा धूर काढण्यात गेला माझा, बाबा. तुम्हाला खटकेल असं एकेक काढत गेलो."

साहेबांना वाटलं, गाडी थांबवायला सांगावी. थांबवून काय करायचं, हे मात्र सुचेना.

"मी तिला पाडली ती तुझ्यासाठी. तू वर यावास म्हणून. ऐकतोयस ना? मला ती आवडली होती. फार आवडली होती."

"बाबा, आता नको."

"खरं सांगतोय मी."

"असेल," मुलगा म्हणाला. "पण तुमचं खरं कुठलं आणि खोटं कुठलं, हे मला आज चवीवरून नाही सांगता येणार." तो चिडून बोलला असता तर साहेबांना बरं वाटलं असतं. पुढच्या वळणावर तो म्हणाला, "टायरवाल्याशी बोलणं झालंय. भांडी तो घेतोय. त्याला आता मोठी लागतील."

घरी बायको दारातच होती. दोघांची तोंडं बघून तिला निकाल कळला, तरी तिनं विचारलं, "काय झालं रे?"

"नाही लागला नंबर," मुलगा म्हणाला. "दुसरी एक होती, ती आवडली लोकांना."

"आणि हे? हे काय म्हणाले?"

साहेब खुर्चीच्या पाठीला धरून उभे होते. नुकसानीच्या पाहणीला गेल्यावर तिथली माणसं अशी का उभी राहतात, हे त्यांना कधी कळलं नव्हतं.

मुलानं एकदा त्यांच्याकडे पाहिलं. "बाबांना ओळखूच आली नाही, आई," तो म्हणाला आणि पाना घेऊन गॅरेजकडे गेला.

बायकोचा चेहरा उजळला. "ओळखू आली नाही? तुम्हाला? अहो, म्हणजे किती सुधारली असेल ती! आणि तो खुळा तोंड पाडून फिरतोय." ती लगबगीनं आत गेली आणि एक बाटली घेऊन आली. "मी एक बाजूला काढून ठेवली होती. घ्या, आता घरी निवांत घ्या, आणि त्याला चार बरे शब्द सांगा. तुमच्या शब्दावर जीव आहे हो त्याचा."

तिनं ग्लास भरून त्यांच्या हातात दिला. गॅरेजमधून नळ्या सोडवल्याचा, मग काहीतरी जड जमिनीवर टेकवल्याचा आवाज आला. साहेबांनी एक घोट घेतला. नासपती, मीठ, तो थंड गोडवा. दोन घोटांनंतर ग्लास खाली ठेवायची त्यांच्या हाताला सवय होती, पण हात खाली गेला नाही. ते उभ्याउभ्याच पीत राहिले, तळ दिसेपर्यंत.

"कशी आहे?" बायकोनं विचारलं. "सांगा की. आज जीभ कुठं गेली?"

साहेबांनी ग्लास पुढे केला. "अजून दे."

"आता कुठली? बाकी सगळ्या तो सकाळीच स्पर्धेला घेऊन गेला. ही एवढीच होती," ती म्हणाली.