पाटावरचं विमान

कल्पना करा, तुम्ही बदलापूरजवळ शिरगावच्या माळावर गुडघे टेकून बसला आहात. १९९२ सालच्या दसऱ्याची सकाळ आहे. तुमच्या दोन्ही हातांत एका विमानाची शेपूट आहे, पुढे इंजिन किंचाळतंय, आणि हात सुटले तर ते सुसाट निघणार आहे. बारा वर्षांची नीलिमा अगदी तशीच बसली होती.

विमान म्हणजे जुन्या लढाऊ विमानाची लाकडी प्रतिकृती, रेडिओवर चालणारी. पंख नीलिमाच्या पसरलेल्या हातांएवढे. हेमचंद्रमामा अंबरनाथच्या कारखान्यात अधिकारी. त्यानं ते दोन वर्षं खपून बांधलं होतं, पण शेवटची जोडणी भाचीवर सोपवली होती. पंखांच्या मागच्या कडेला दोन हलत्या पट्ट्या असतात. रिमोटची दांडी उजवीकडे दाबली की उजवी पट्टी वर जाते, डावी खाली, आणि विमान उजवीकडे कलतं. त्या पट्ट्या हलवणाऱ्या तारा नीलिमानं एकटीनं बसवल्या होत्या. तारा कसल्या, उल्हासनगरच्या कॅम्प दोनच्या बाजारातून आणलेले सायकलचे स्पोकच.

"तुकडे भरायला पिशवी आणलीय मी," मामाचा मुलगा बाळ म्हणाला.

"तू आधी तुझ्या सायकलची चेन बसव."

इंजिन चौथ्या खेपेला सुरू झालं होतं. वारा सारखा दिशा बदलत होता. मामाला दुपारच्या पाळीला जायचं होतं. तो घड्याळ बघे, मग काठीला बांधलेलं फडकं बघे. माळाचे मालक धोंडिबा गुरं हाकलून कंटाळले होते.

"आगं पोरी, ह्यो उडतो का नुसताच बोंबलतो?"

"निलू, पट्ट्या तपासल्यास ना?" मामानं विचारलं.

"काल तपासल्या."

खरंच तपासल्या होत्या. तरी सकाळपासून तिला काहीतरी टोचत होतं, आणि काय ते सापडत नव्हतं.

मामानं सवयीनं दांडी उजवीकडे दाबली. त्याची नजर फडक्यावर होती. नीलिमाच्या डोळ्यांपुढे डावी पट्टी वर गेली.

तिला कालचा पाट आठवला. काल खंडेनवमी. कुंदामामीनं विमान पाटावर ठेवून पूजा केली होती, तोंड अर्थातच घरच्यांकडे. पूजेतली वस्तू पाठमोरी कोण मांडतं? पूजा झाल्यावर मामी ते हलवू देईना, म्हणून नीलिमानं तिथेच, पाटासमोर बसून तारा जोडल्या आणि तपासल्याही. समोरून बघताना तिच्या उजव्या हाताला विमानाचा डावा पंख होता. आज ती पहिल्यांदाच त्याच्या मागे बसली होती.

आता ते वर गेलं की मामा उजवीकडे दाबणार, विमान डावीकडे कलणार. तो आणखी दाबणार, ते आणखी कलणार. मग जमीन. मामा वाऱ्याला दोष देईल, तिला कुणी विचारणारही नाही.

बाळ तिच्याकडे बघून हसत होता.

"सोड," मामा म्हणाला.

नीलिमानं शेपूट सोडली नाही.

"निलू, सोड. वारा बरा आहे."

"मामा, इंजिन बंद कर," ती आवाजावर आवाज चढवून म्हणाली. "तारा मी उलट्या जोडल्यात."

इंजिन थांबलं. बाळ तोंड उघडायच्या आत तिनं खिशातून स्क्रू-ड्रायव्हर काढला आणि विमानाच्या मागे मांडी घालून पहिली तार सोडवायला घेतली.