भिंती वाळवण्याची घाई

नवऱ्याने मातीचं घर बांधायचं ठरवलं तेव्हा तिला मनापासून आनंद झाला होता. कारण एकच, तिचे बाबा. त्यांना दमा होता. भाड्याच्या खोलीखाली लाकडाची वखार, तिथला भुसा दिवसभर वर यायचा आणि बाबा रात्र-रात्र बसून काढायचे. त्यांना मोकळा श्वास घेता येईल असं घर तिला हवं होतं.

पण नवरा एकदा एखाद्या गोष्टीच्या मागे लागला की लागला. पाया खणताना निघालेली माती 'चिकट नाही' म्हणून त्याने ट्रकने टाकायला पाठवली आणि दुसरी माती डोंगरापलीकडून ट्रकनेच आणवली. बांबू तर बोटीतून आला. सिमेंट टाळून आपण किती धूर वाचवला, याचं प्रवचन तो येणाऱ्या-जाणाऱ्याला देई. ट्रकचा विषय काढला की म्हणे, "ते वेगळं." कसं वेगळं, देव जाणे.

भिंती उभ्या राहिल्या, पण वाळायचं नाव घेईनात. खोली महिनाअखेरीला रिकामी करायची होती. मग या पठ्ठ्याने काय करावं? डिझेलवर चालणारी, गरम हवा फेकणारी दोन यंत्रं भाड्याने आणली आणि दारं-खिडक्यांना ताडपत्री बांधून आत सुरू केली. तिने कपाळाला हात लावला.

"अरे, भुशाला कंटाळून हे घर बांधलं आणि आता त्यात धूर भरतोस?"

"आठवडाभराचा तर प्रश्न आहे. एरवी आपण किती धूर वाचवला, ते बघ ना."

"घाल चुलीत तुझी बचत."

तेवढ्यात बाबा आले. न कळवता, घर बघायला, इस्त्रीचा शर्ट घालून. ताडपत्री सारून ते आत गेले, ओल्या भिंतीवरून कौतुकाने हात फिरवला. जावयाने माहिती द्यायला सुरुवात केली आणि बाबांना खोकल्याची उबळ आली. भिंतीला धरून ते कसेबसे बाहेर आले आणि बांबूंच्या ढिगावर टेकले. औषधाचा पंप ओढूनही त्यांची छाती बराच वेळ वर-खाली होत होती.

"छान झालंय हो घर," शेवटी ते म्हणाले. "तुम्ही दोघं राहा इथं. मी आपला खोलीवरच बरा."

खोली सोडायची आहे, हे त्यांनाही ठाऊक होतं.

ती आत गेली आणि तिने दोन्ही यंत्रं बंद केली. नवरा मागोमाग आला.

"आता वाळायला महिने लागतील," तो पुटपुटला.

"लागू देत. तोवर बाबांना कुठे ठेवू, तेवढं सांग."

नवरा खिडक्यांची ताडपत्री सोडायला लागला.