मिस्त्रींच्या हातची फट

मित्रांनो, आधी एका पत्राची गोष्ट सांगते. ते मला आलेले नव्हते. मला कोण पत्र लिहिणार? पण त्याचे उत्तर कितीतरी दिवस गेले नाही, आणि तेवढे दिवस ते माझ्यात खोचलेले होते. आजही त्याची आठवण आली की मान खाली घालावीशी वाटते. मला मान नाही, ही गोष्ट वेगळी.

मी एक जुनी फट आहे. दोन जाड फळ्या शेजारी शेजारी उभ्या आहेत, जमिनीपासून थेट छतापर्यंत, आणि त्यांच्या मधली रिकामी जागा म्हणजे मी. फळ्यांनी आपली कहाणी सांगितली असती तर ती ऐकण्यासारखी झाली असती; त्या निदान झाड तरी होत्या. मी काहीच नव्हते. तरी सांगते. चुकले तर सांभाळून घ्या.

त्यात माझा जन्म झाला तो सुताराच्या कारखान्यात. ज्यांनी मला केले त्यांना सगळे 'बिनफट मिस्त्री' म्हणत. त्यांनी बसवलेल्या दारातून उजेडाची रेघसुद्धा आत येत नसे. एखाद्या कारागिराच्या हातून सांध्यात केसाएवढी फट राहिली, तर ते ओरडत नसत. त्या जागेवर बोट ठेवून नुसते गप्प उभे राहत. त्यापेक्षा ओरडले असते तर बरे, असे कारागीर म्हणत.

अशा माणसाला त्यांच्या लेकीने फट करायला सांगितली! तिला डोंगराचे कडे चढायचा नाद लागला होता. काही कड्यांवर धरायला कुठे कंगोरा नसतो, नुसती एक उभी चीर वरपर्यंत गेलेली असते. त्या चिरेत हात अडकवत वर जायची विद्या तिला शिकायची होती.

"जन्मभर सांगत आले, कशात अडकू नकोस," तिची आई म्हणाली, "आणि ही शिकवणी लावून अडकायला शिकतेय!"

"अगं आई, नीट अडकलं तरच माणूस पडत नाही."

"पण त्या चिरेत पकडायला असतं काय?" मिस्त्रींनी विचारले.

"पकडायचं नाहीच, बाबा. हात सपाट आत सरकवायचा. मग अंगठा तळव्यात दुमडायचा. अंगठ्याखालचं मांस फुगतं, मागची हाडं टेकतात, की हात बसला."

मिस्त्रींनी स्वतःच्या हाताकडे पाहिले. "म्हणजे पाचर."

"हाताची पाचर!"

पाचर म्हटल्यावर ते विरघळले. त्यांनी दोन फळ्या रंधा मारून उभ्या केल्या, लांब बोल्ट घातले. लेक हात घालून "अजून थोडं, अजून थोडं" म्हणत राहिली, ते नट आवळत राहिले. "बस्स! इथेच!" ती ओरडली, आणि मी जन्मले.

सुरुवातीला ती घाबरून मूठ आवळी, सगळा भार हातावर टाकी आणि सटकून खाली येई. तिच्या हाताच्या मागची साल माझ्या कडांना लागलेली असे. माझा जीव अर्धा होई. ती घरी गेल्यावर मिस्त्रींनी पॉलिश पेपर घेऊन माझ्या कडा गोल केल्या, आणि वर "मी कुठे काय केलं" अशा चेहऱ्याने निघून गेले. हळूहळू तिला जमू लागले. हाताला कापडी चिकटपट्टी गुंडाळून ती एकेक हात वर बसवी, आणि छताशी पोचली की तिथेच लोंबकळत गाणे म्हणे. आपणही कुणाच्या उपयोगी पडतो, असे मला त्या दिवसांत वाटू लागले होते.

मग एक गिऱ्हाईक आले. नव्या शाळेची सगळी दारे करून घ्यायची होती. बरोबर चार माणसे होती. लेक तेव्हा माझ्यात हात घालून उभी होती.

"अहो मिस्त्री, हे दार तुमचंच का?" गिऱ्हाईक म्हणाले. "तुम्ही तर बिनफट! यातून माणसाचा हात जातोय!"

चौघे मोठ्याने हसले. मिस्त्रींचे कान लाल झाले.

"ते माझ्या हातचं नाही," ते म्हणाले.

लेकीने हात सावकाश बाहेर काढला. चिकटपट्टी सोडली, तिची गोळी केली आणि निघून गेली. खरे सांगू? मला मिस्त्रींचा राग आला नाही. मला त्यांचे पटले. फटीला आपले कोण म्हणणार? हीच माझी सगळ्यात मोठी लाज आहे, मित्रांनो. ती दुखावली होती आणि मी मनात मान डोलावत होते.

पुढे तिला दूर डोंगरात चढाई शिकवायची नोकरी लागली. ती गेल्यावर मिस्त्रींनी लाकडाच्या एका पट्टीला रंधा मारला आणि ती माझ्यात ठोकून बसवली. ती इतकी बेमालूम बसली की मी संपलेच. वर तेवढी वीतभर जागा उरली.

त्याच जागेत त्यांनी लेकीचे पत्र खोचले. तिने लिहिले होते, "इथल्या मुलांसाठी आपल्यासारखी फट करायची आहे. इथल्या सुताराला माझं म्हणणं समजत नाही. बाबा, तुमच्या हातचं माप पाठवा."

मिस्त्री पेन्सिल घेऊन बसत. "तुझी फट" एवढे लिहीत आणि कागद फाडत. लेकीचे दुसरे पत्र आले नाही.

शेवटी साफसफाई करताना तिच्या आईच्या हाताला ते पत्र लागले.

"अहो! हे अजून इथेच?"

"काय लिहू? बुजवून टाकली, असं लिहू?"

"बुजवलीत तशी उघडा. सुतार आहात ना?"

पट्टी सहजासहजी निघेना. आपल्याच सफाईदार कामाला शिव्या देत त्यांनी ती पटाशीने उचकटली. वारा माझ्यातून आरपार गेला. मग त्यांनी इकडेतिकडे पाहिले आणि आपला जाडजूड हात माझ्यात सरकवला. अंगठा दुमडला. हात बसला, आणि निघेचना.

"अगं, अडकलो!"

"ओढू नका! ढिला सोडा. ती काय सांगायची, विसरलात?"

त्यांनी हात ढिला सोडला. तो सुटला, तरी त्यांनी लगेच बाहेर काढला नाही. दारात शेजारचा दुकानदार येऊन थांबला. "काय मिस्त्री, फट राहिली वाटतं?"

"राहिली नाही," मिस्त्री म्हणाले. "ठेवलीय. माझ्या हातची आहे."

मित्रांनो, मी उपदेश करावा एवढी माझी योग्यता नाही. एवढीच विनंती आहे. कुठे फट दिसली तर बुजवायला धावू नका. तिथे कुणाचा हात होता, ते आधी विचारा. आणि तुमच्यामुळे कुणी आपला हात काढून घेतला असेल, तर त्याला फार वाट पाहायला लावू नका.

मिस्त्रींनी मोजपट्टी घेतलीच नाही. माझ्यात ठोकलेल्या पट्टीचा त्यांनी हातभर तुकडा कापला. तिच्या जाडीइतके माझे अचूक माप दुसऱ्या कशात होते? त्यावर त्यांनी पेन्सिलने लिहिले, "माप हेच. दोन फळ्यांमध्ये ही पट्टी धर, नट आवळ, मग पट्टी काढून टाक. मी ती ठोकायला नको होती. फट माझ्याच हातची आहे."

पुढचे मला तिच्या आईने कारागिरांना सांगितले तेव्हा कळले. पोस्टातल्या माणसाने पुडके दाबून पाहिले आणि विचारले, "यात काय, लाकूड?"

"नाही," मिस्त्री म्हणाले, "पत्राचं उत्तर आहे. जरा उशीर झालाय."

त्याने शिक्का मारला आणि पुडके थैलीत टाकले.