दोन सीटांची गाडी

तेजलची लाल गाडी बदलापूर पूर्वेत सगळ्यांच्या ओळखीची होती. छत उघडणारी, दोनच सीटांची, आणि इतकी बुटकी की कात्रपच्या चौकात शेजारी थांबलेले रिक्षावाले वाकून आत बघायचे. पुण्याच्या एका डॉक्टरांनी परदेशी जाताना ती विकायला काढली होती. तेजलनं एकदा चालवून बघितली आणि घरी कुणाला न विचारता घेऊन टाकली. तिचा नवरा सुजित शांत माणूस. "दोघंच बसतात? मग इरा कुठं बसणार?" एवढंच तो म्हणाला. पुढची सहा वर्षं कुठं जायचं झालं की लेक आईशेजारी बसायची आणि सुजित मोटारसायकलवरून मागून यायचा.

तेजलचा उल्हासनगरला, कॅम्प तीनमध्ये, जीन्स शिवायचा कारखाना होता. आठवडाभर मशिनींची खडखड, कापडाचा निळा रंग नखांत, सिंधी व्यापाऱ्यांशी घासाघीस. रविवारी सकाळी मात्र ती छत उघडायची आणि कर्जत रस्त्याला लागायची. वळणावर तिसऱ्यावरून दुसऱ्या गियरवर आणलं की ती गाडी जी गुरगुरायची, त्या आवाजासाठी तेजल आठवडा काढायची म्हटलं तरी चालेल.

गाडी चालवायला तिला शिकवलं होतं नाथाकाकानं. तिच्या वडिलांचा धाकटा भाऊ. वडील गेले तेव्हा तेजल दहावीत होती. तेव्हापासून तिची फी, पुस्तकं, आजारपणं सगळं या काकानं बघितलं. तो टेम्पो चालवायचा, कॅम्प तीनमधून जीन्सचे गठ्ठे धुलाईच्या कारखान्यांत पोचवायचा. रविवारी अंबरनाथच्या एमआयडीसीत रस्ते मोकळे असायचे. तिथं त्यानं सतरा वर्षांच्या पुतणीला टेम्पोच्या चाकामागं बसवलं. "क्लच पायानं नाय दाबायचा, कानानं दाबायचा. इंजिन काय बोलतंय ते ऐक," असं तो सांगायचा. पुढं तिनं कारखाना काढला तेव्हा पहिली दोन वर्षं तिचा मालही त्यानंच वाहिला.

लाल गाडी आली तेव्हा सर्वांत जास्त आनंद काकालाच झाला. त्यानं बॉनेट उघडायला लावलं, इंजिनाला हात लावून बघितला, मोबाइलमध्ये आठ-दहा फोटो काढले. जाताना म्हणाला, "एकदा मला कर्जत रस्त्याला फिरव. छत उघडून." तेजल म्हणाली, "नक्की काका. या रविवारी नाहीतर पुढच्या." सहा वर्षांत तो रविवार आला नाही. सुरुवातीला खरोखरच जमलं नाही. नंतर तिला हौशी गाडीवाल्यांचा एक ग्रुप मिळाला आणि रविवार त्यांच्यासोबत जाऊ लागले.

या ग्रुपचा पुढारी होता अक्षय, अंबरनाथच्या एका बिल्डरचा मुलगा. त्याचं वांगणीला फार्महाऊस होतं. सहा-सात गाड्या ओळीनं निघायच्या, वांगणीच्या अलीकडं चहाच्या टपरीवर थांबायच्या आणि मग फार्महाऊसवर नाश्ता. नाथाकाकाही आता वांगणीतच राहायचा. म्हातारपणी टेम्पो विकून त्यानं नव्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर एक खोली आणि स्वयंपाकघर घेतलं होतं. टपरीपासून जेमतेम दहा मिनिटं चालत. तेजल दर रविवारी तिथून जायची आणि दर वेळी मनात म्हणायची, येताना डोकावू.

जानेवारीतल्या एका रविवारी सगळे त्या टपरीवर उभे होते. समोरून काका आला. अंगात ढगळ स्वेटर, गळ्यात पंचा, हातात भाजीची पिशवी. त्यानं तेजलला पाहिलंच नाही, आधी गाडी पाहिली. चेहरा उजळला. जवळ आला, पंच्याच्या टोकानं बॉनेटवरची धूळ हळूच पुसली.

"ओ काका, हात नका लावू. स्क्रॅच पडतो," अक्षय म्हणाला. तो काही वाईट बोलला नाही, कुणाही अनोळखी म्हाताऱ्याला बोलला असता तसंच बोलला.

काकानं वर बघितलं आणि त्याला तेजल दिसली. त्याच्या तोंडून "अगं ते..." एवढं निघालं.

"ओळखतेस?" अक्षयनं विचारलं.

तेव्हा तेजल म्हणाली, "हो. पूर्वी आमच्या युनिटला टेम्पोवर होते."

ते खोटं नव्हतं. तेच पुढं तिला सगळ्यात जास्त लागलं. शब्द कसे निघाले, तिला कळलं नाही. पंच्याकडं बघून, पिशवीतून डोकावणाऱ्या मुळ्याच्या पाल्याकडं बघून, की शेजारी गॉगल लावून उभ्या असलेल्या ग्रुपमधल्या मालिनीकडं बघून, कोण जाणे. पुढच्याच क्षणी ती सुधारू शकली असती. "आणि माझे सख्खे काका आहेत," एवढंच म्हणायचं होतं. पण काकानंच तिला सोडवलं. बॉनेटवरचा हात त्यानं मागं घेतला आणि अक्षयला म्हणाला, "हो साहेब. मॅडमकडं होतो. लय चांगल्या आहेत मॅडम." मग पंचा खांद्यावर टाकून तो रस्ता ओलांडून गेला. त्यानं मागं वळून पाहिलं नाही.

तेजल फार्महाऊसवर गेली. तिनं पोहे खाल्ले, फोटोत हसली. घरी आली तेव्हा सुजितनं विचारलं, "काकांकडे गेलीस का?" ती म्हणाली, "वेळच झाला नाही."

आठवडाभर ती फोनची वाट बघत होती. काकानं शिव्या घालाव्यात, निदान काकूनं तरी काहीतरी बोलावं. फोन आला नाही. स्वतः करायला तिचा हात उचलेना. नंतरच्या रविवारी तिनं गाडी काढली, पण वांगणीच्या आधीच वळवून परत आणली. त्याच्या पुढच्या रविवारी काढलीच नाही. गाडीत बसलं की बॉनेटवरचा तो हात दिसायचा.

चौदा एप्रिलला, जयंतीला, सगळं कुटुंब दरवर्षीसारखं उल्हासनगरला जुन्या वस्तीत जमलं. काका पांढऱ्या शर्टात, कपाळाला निळा टिळा. तेजल लांबूनच "जयभीम काका" म्हणाली. काकानं जवळ बोलावून तिच्या हातावर बुंदीचा लाडू ठेवला आणि नेहमीच्या आवाजात विचारलं, "गाडी काय म्हणतेय? सर्व्हिसिंग केलं का?" चांगुणाकाकू शेजारीच होती. तिनं तेजलच्या चेहऱ्यावरून हात फिरवला, "किती वाळलीस गं," म्हणाली. तेजलला कळलं, काकानं घरी एक अक्षर सांगितलेलं नाही. लाडू तिनं तसाच मुठीत धरून ठेवला.

पंधरा दिवसांत तिनं गाडी विकली. विचारणाऱ्यांना कारणं तयार होती. कंबर दुखते. स्पीडब्रेकरवर खालून घासते. इरा मोठी झाली, सुजितला किती दिवस मागून यायला लावायचं. सगळ्यांना ती पटली. "शेवटी शहाणी झालीस," असं सासूबाईही म्हणाल्या. नाशिकचा एक दाताचा डॉक्टर गाडी न्यायला आला तेव्हा तेजल खाली गेली नाही, गॅलरीत उभी राहिली. गाडी कोपऱ्यावर वळताना डॉक्टरनं गियर उशिरा टाकला आणि इंजिन कण्हलं. ती आत गेली आणि न्हाणीघरात नळ सोडून रडली.

नवी गाडी करड्या रंगाची सेडान होती. चार दारं, मागं तिघं ऐसपैस बसतील अशी सीट, डिकीत जीन्सचे चार गठ्ठे सहज मावतील. गियर तिनं हट्टानं हातानं टाकायचेच घेतले होते. सुजितनं पहिल्यांदाच मागच्या सीटवर पाय लांब केले आणि झोपून गेला. आणि गाडी मजेदार निघाली. दुसऱ्या गियरवर अशी काही ओढायची की तेजलच्या ओठांवर आपोआप हसू यायचं. लगेच तिला स्वतःचाच राग यायचा. ही गाडी तिनं जणू शिक्षा म्हणून घेतली होती, शिक्षेत मजा कशी वाटते?

मे महिन्याच्या दुसऱ्या रविवारी तिनं काकाला फोन केला. "काका, आज तुम्हाला गाडीतून फिरायला नेते. कर्जत रस्त्याला. काकूंनाही."

"ये ये," काका म्हणाला. "तयार राहतो."

ती पोचली तेव्हा दोघं इमारतीखाली येऊन थांबले होते. काकाची दाढी गुळगुळीत, शर्ट कडक इस्त्रीचा, डोक्याला टोपी. टोपीला दोन नाड्या होत्या आणि त्या हनुवटीखाली बांधलेल्या. करडी गाडी समोर थांबली तरी तो तिच्या मागं रस्त्याकडंच बघत राहिला. तेजल उतरली तेव्हा त्याचं लक्ष गेलं.

"ती कुठाय?" त्यानं विचारलं.

"विकली काका. ही नवीन."

"विकली?"

"हो. सगळ्यांना बसता येत नव्हतं ना."

काकानं नाड्या सोडल्या, टोपी काढून हातात घेतली. काकू हसत म्हणाली, "बघ ना, फोन ठेवल्यापासून माझ्यामागं लागलेत. छत उघडं असतं, वाऱ्यानं टोपी उडंल म्हणून आत्ता नाड्या शिवून घेतल्या माझ्याकडून."

तेजलला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. गाडी विकून आपण काहीतरी फेडतोय असं तिनं मनाशी धरलं होतं. काकाला काय हवं होतं हे विचारायचं तिला सुचलंही नव्हतं. एक चक्कर हवी होती त्याला. सहा वर्षांपासून फक्त एक चक्कर.

काका पुढं बसला, काकू मागं. नेरळच्या दिशेनं निघाल्यावर काकानं मन लावून इंजिन ऐकलं. "चांगली आहे," थोड्या वेळानं म्हणाला. "दुसऱ्याला बरी ओढती. क्लच हलका आहे." बोलण्यात कडवटपणा नव्हता. टोपी मात्र मांडीवर तशीच होती, नाड्या लोंबत.

"बरं केलंस विकलीस," काकू मागून म्हणाली. "दोन माणसांची गाडी ती काय गाडी? आता यांनाच बघ, सहा वर्षांत एकदा बसायला मिळालं नाही. पण कधी तक्रार नाही हो. तेजूला कामं असतात, म्हणायचे."

तेजलनं गाडी कडेला एका आंब्याखाली घेतली आणि इंजिन बंद केलं.

"काकू, मला तुम्हाला एक सांगायचंय."

"तेजू, गाडी चालव," काका म्हणाला.

ती थांबली नाही. टपरी, अक्षय, बॉनेट, आपण म्हटलेलं वाक्य, सगळं जसंच्या तसं सांगितलं. समोरच्या काचेकडं बघत सांगितलं, कारण आरशात काकूचा चेहरा दिसत होता.

सांगून झाल्यावर काका म्हणाला, "झालं? हलकं वाटलं? चार महिने मी ते पोटात ठेवलं होतं. तिला कशाला दिलंस?"

खरंच, कशाला दिलं? हलकं तर मुळीच वाटत नव्हतं.

काकूनं पहिल्यांदा तोंड उघडलं ते नवऱ्याशी. "आणि तुम्ही काय म्हणालात?"

"काय म्हणणार?"

"मॅडमकडं होतो म्हणाले," तेजलनं सांगितलं.

"मॅडम म्हणालात हिला?" काकूचा आवाज फुटला. "हिला ताप आला तेव्हा कॅम्प चारवरून दवाखान्यापर्यंत खांद्यावर नेली तुम्ही. अन् हिला मॅडम? तिची जीभ घसरली तर तुम्ही खेचायचा कान तिथंच, चारचौघांत. लहान लेकराला असं खोटं वागू देतात?"

"तिच्या मित्रांसमोर तिची फजिती झाली असती," काका हळू आवाजात म्हणाला.

"अन् तुमची नाही झाली?"

काका खिडकीबाहेर बघू लागला. त्याचे डोळे भरले होते. तेजलनं त्याला कधी रडताना पाहिलं नव्हतं, तिचे वडील गेले तेव्हाही नाही. "काका, माझं चुकलं," ती म्हणाली. हे तीन शब्द चार महिने तिच्याजवळ होते आणि आता बोलल्यावर ते अगदीच तोकडे वाटले. काकानं तिच्या डोक्यावर हात ठेवला, पण तिच्याकडं पाहिलं नाही.

पुढं जायला कुणालाच मन नव्हतं. तिनं गाडी वळवली. इमारतीशी आल्यावर काका उतरला, दार सावकाश लावलं, जिन्याकडं गेला. काकू मात्र मागच्या सीटवर बसून राहिली. पदरानं चेहरा पुसला, सीटवर हात फिरवून बघितला.

"माझ्या डोळ्याचं ऑपरेशन आहे कल्याणला," ती म्हणाली. "येत्या गुरुवारी. आमच्या पोराला सुट्टी नाही. सकाळी सातला गाडी घेऊन ये."

"येते काकू."

"दिवसभर थांबावं लागंल. तिथं फॉर्म भरायचाय. नातं लिहायचं असतं त्यात." काकू दार उघडून कष्टानं उतरली. "तुझ्या हातानं लिही."

तेजलनं मान हलवली. काकू जिना चढून वर दिसेनाशी झाली तरी ती तिथंच बसून होती, आणि तिला अजून वर मान करून तिसऱ्या मजल्यावरच्या त्यांच्या खिडकीकडं बघायचा धीर होत नव्हता.