हेराच्या खिशातला रुमाल

मी एक जुना रुमाल आहे. न्यायाची सेवा हेच माझ्या आयुष्याचे ध्येय. प्रत्यक्षात ही सेवा मला एका खासगी हेराचे नाक पुसून करावी लागली, आणि त्या नाकाला बारा महिने सर्दी होती.

मित्रांनो, माझा जन्म एका स्वच्छ गिरणीत झाला. मी पांढराशुभ्र होतो. अकरा भावंडांसह खोक्यात पडून मी नवरदेवाच्या खिशाची स्वप्ने पाहिली. मला उचलले हेराने. पहिला आठवडा त्याने माझी घडी मोडली नाही. नंतर माझ्या अंगावर घाम, शेंबूड, बुटांचे पॉलिश, अंड्याचा बलक आणि सांडलेला चहा यांचे थर चढत गेले. आठ महिने पाणी दिसले नाही. मला माझीच किळस येई. देवाकडे एकच मागणे होते : कुणीतरी मला धुवा हो!

हेराला दोन सवयी होत्या. तो सतत विनोद करी, आणि कशालाही उघडा हात लावत नसे. बोटांना मला गुंडाळून सगळीकडे चाचपडे. "आपले ठसे उमटता कामा नयेत," म्हणे. इतरांचे जे पुसले जाई, त्याचे काय, हा प्रश्न त्याला कधी पडला नाही.

मग दुहेरी खुनाचे ते प्रकरण आले. दोन भाऊ, एका छत्रीवरून अकरा वर्षे अबोला. घर एक, खोल्या समोरासमोर, चहापत्तीचे डबे वेगळे. त्यांची विधवा बहीण दोघांचा चहा वेगवेगळ्या पातेल्यांत करी. एका सकाळी चहा पिऊन दोघेही अर्ध्या तासाच्या अंतराने गेले. फौजदाराने दोन्ही डबे कागदावर उपडे केले. दोन्हींतून उंदीर मारायची निळी पूड निघाली. चहा करणारी एकच, म्हणून त्याने बहिणीला उचलले. तिच्या मुलीने हेराला बोलावले.

प्रेते अजून खोल्यांतच होती. ओकारीची दुर्गंधी सुटली होती. हेराने मला नाकाशी धरले आणि लगेच खाली घेतले. दोन्ही वासांत त्याला खोलीतला बरा वाटला असावा.

"अकरा वर्षं बोलले नाहीत," तो म्हणाला, "पण निघताना वेळ बरोबर जुळवली."

"साहेब, माझे मामा आहेत ते!" मुलगी रडू लागली. "आणि इकडे आईला फाशी होईल हो."

"म्हणून तर मी आलोय. रडू नकोस, रुमाल एकच आहे."

मग बोटांना मला गुंडाळून त्याने थोरल्याच्या सदऱ्याचा खिसा कोपऱ्यापर्यंत खरवडला. खिशात निळी पूड होती. ती सगळी मला लागली. धाकट्याच्या खिशातही तीच पूड. तीही मलाच. मला तिथल्या तिथे उलगडा झाला. थोरल्याने धाकट्याच्या डब्यात विष कालवले होते आणि धाकट्याने थोरल्याच्या. अकरा वर्षांत दोघांचे एकमत झाले ते एवढ्यावरच. बहीण निर्दोष होती, आणि पुरावा म्हणजे मी.

"खिसे रिकामे," हेर म्हणाला. माझ्या अंगावर आधीच इतके रंग होते की निळा त्याला दिसला नाही. त्याने माझ्यानेच कपाळ पुसले.

"साहेब, कपाळाला निळं काय लागलंय?"

"विचार. आत मावेनात, बाहेर यायला लागलेत."

मला ओरडावेसे वाटले. रुमालाला तोंड नसते. तो फक्त इतरांची पुसतो.

मुलीने माझ्याकडे पाहिले आणि तिला शहारा आला. "शी! हा रुमाल आहे का पायपुसणं? द्या इकडे. तुम्ही आईसाठी एवढं करताय, मी एवढं तरी करते."

तिने मला दोन बोटांत धरून नळाखाली नेले. साबण लावला. आईच्या काळजीने रडत रडत, अगदी मनापासून चोळले. आठ महिने ज्याची वाट पाहिली ते पाणी अंगावर पडत होते, आणि मी उभ्या जन्मात इतका घाबरलो नव्हतो.

तपासणीत दोघांचेही खिसे स्वच्छ निघाले. बहीण तुरुंगात आहे. हेर म्हणतो, प्रकरण गुंतागुंतीचे आहे.

मित्रांनो, आपला रुमाल रोज धूत जा. आठ महिने घाण साचू देऊन नेमक्या नको त्या दिवशी धुऊ नका. निळा डाग पहिल्याच पाण्यात गेला.

चहाचा अजून आहे.