झऱ्याच्या फरशीतली पापं

त्या रविवारी झऱ्यापाशी इतकी गर्दी झाली होती की पाणी न्यायला आलेल्या गाढवांनाही वाट मिळेना. घोंगड्या पांघरलेली माणसं माना वाकवून एका फरशीकडे बघत होती. फरशी साधीच होती, काँक्रीटची, डबे टेकवायला केलेली. पण ती मागचा अख्खा हिवाळा टिकली होती, आणि आफ्रिकेतल्या लेसोथोच्या आमच्या डोंगरात एवढं चमत्काराला पुरतं. इथे रात्री पाणी गोठतं, दुपारी वितळतं, रात्री पुन्हा गोठतं. पहिल्याच हिवाळ्यात काँक्रीटचे पापुद्रे सुटू लागतात. चर्चच्या पायऱ्या तशाच गेल्या, दवाखान्याचा ओटा गेला आणि या जानेवारीच्या पुरात नदीवरच्या पायपुलाचा पोखरलेला खांबही गेला.

फरशीवर प्रेषित सेकोटो उभे होते. अंगात हिरवा झगा, छातीवर चॉकलेटच्या चांदीचा तारा.

"थंडी म्हणजे काय हवामान आहे होय, लेकरांनो? रागावलेल्या पूर्वजांचा श्वास आहे तो! या फरशीवर मी माझं पाणी शिंपडलं. श्वास आला, पाणी बघितलं आणि आल्या पावली परत गेला!"

"आमेन!"

"पण न्ताते, बाबा," मागून एका म्हाताऱ्यानं विचारलं, "हे काळे ठिपके कसले?"

प्रेषितांनी वाकून ठिपके न्याहाळले. "पापं. फरशी घालणाऱ्या बायकांची. पाण्यानं ती जागच्या जागी धरून ठेवली."

फरशी घालणाऱ्या नऊ बायका एकमेकींकडे बघू लागल्या. ठिपके बरेच होते.

मग मुद्द्याची गोष्ट निघाली. पुलाचा नवा खांबही प्रेषितांच्याच पाण्यात कालवायचा. दर पोत्यामागे एक बाटली, दर बाटलीमागे एक मेंढी. पूर्वजांना मेंढीच लागते. कोंबडीवर भागत नाही, असं त्यांनी खेदानं सांगितलं.

मी पलीकडच्या तीरावरच्या शाळेत विज्ञान शिकवते. माझ्या शेवटच्या वर्गात लिकेलेली नावाची मुलगी आहे. पूल पडल्यापासून ती नदीतून चालत येते. हिवाळ्यात, म्हणजे आमच्याकडे जून ते ऑगस्ट, पाणी गुडघ्याखाली असतं. नोव्हेंबरपासून गळ्याशी येतं, आणि परीक्षा नोव्हेंबरातच असते. पूल झाला नाही तर तिचं वर्ष जाणार होतं. झाला आणि पुन्हा पोखरला, तर पुढच्या कुठल्यातरी पुरात पोरं त्यावर असताना तो जाणार होता.

गर्दी पांगल्यावर मी डबा आपटून फरशीच्या कडेचा सुटलेला कपचा उचलला आणि लिकेलेलीच्या आईकडे गेले. म्मे मालेफा (आमच्याकडे बाईला आदरानं म्मे म्हणतात) झऱ्याला लागूनच राहतात, जुन्या टायरच्या चपला करतात. त्यांच्याच चुलीत मी तो कपचा चिमट्यानं धरला.

मालेफांनी नाक मुरडलं. "मास्तरीणबाई, तुमची पापं टायरसारखी वास मारतात हो."

"माझी नाहीत, तुमची आहेत. फरशी कालवली कुठे होती?"

"इथेच की, माझ्या अंगणात. सपाट जागा दुसरी आहे कुठे?"

अंगणात कानशीनं घासलेल्या चपलांच्या तळांचा काळा भुगा पसरला होता.

"आणि वाळू उचलताना?"

"उचलताना म्हणजे, खरवडून घेतली सगळी. भुई सारवायला माती घेतो तशी. चिमूटभर ठेवली तर सासू काय म्हणेल?" त्यांनी अंगणाकडे बघितलं, चुलीकडे बघितलं. "अगं बाई! वीस वर्षं मी हीच पापं घासतेय!"

पण फरशी या भुग्यामुळे टिकली हे मालेफांना पटणं आणि गावाला पटणं यात मोठी नदी होती. मी गावप्रमुख मामोरेनांकडे गेले. त्या कमी बोलतात आणि मेंढ्या जपतात. खांब सप्टेंबरात घालू, तोवर मला एक हिवाळा द्या, एवढंच मागितलं. त्यांनी दिला.

एप्रिलमध्ये पावाच्या डब्यांत आम्ही तीन विटा पाडल्या. सिमेंट, वाळू, खडी तिन्हींत सारखी. पहिलीत नदीचं पाणी. दुसरीत प्रेषितांचं, त्यांनी स्वतः बाटली दिली, वर पाव तास प्रार्थनाही केली. तिसरीत नदीचं पाणी आणि मालेफांच्या अंगणातला भुगा. विटांच्या पोटावर मामोरेनांनी आपल्या हातानं खुणा कोरल्या. विटा महिनाभर ओल्या ठेवून पक्क्या होऊ दिल्या आणि जूनपासून पाण्याच्या घमेल्यांत उघड्यावर ठेवल्या. रात्री बर्फ, दुपारी पाणी. ऑगस्टअखेर गावसभा भरली.

तीन विटा समोर मांडल्या. दोघींच्या कडा झडून खडी दात विचकत होती. एक जवळजवळ जशीच्या तशी.

"न्ताते, यातली तुमची कोणती?" मामोरेनांनी विचारलं.

प्रेषितांनी डोळे मिटले, थरथरले आणि डोळे मिटूनच बरोबर शाबूत विटेवर हात ठेवला. "ही! आत्मा आपलं पाणी ओळखतो!"

मामोरेनांनी वीट उलटी केली. "ही नदीच्या पाण्याची. आत टायर आहे. तुमची ही, कडा झडलेली."

सभेत कुणीतरी खोकलं.

"श्रद्धा कमी पडली!" प्रेषित गरजले.

"कुणाची?" मालेफा उठल्या. "प्रार्थना तुम्ही केलीत, विटेनं काय करायचं होतं? आणि आम्हा नऊ जणींची पापं मोजलीत, ती परत घ्या आधी!"

हसू सभेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलं. प्रेषितांना शेजारच्या खोऱ्यात तातडीची प्रार्थना आठवली.

मग मी सांगितलं. पाणी गोठताना फुगतं. काँक्रीटच्या बारीक छिद्रांत भरलेल्या पाण्याला फुगायला जागा नसली की ते काँक्रीटच फोडतं. रबराच्या कणांभोवती हवेचे बारीक कप्पे अडकून राहतात. फुगणाऱ्या पाण्याला तिथे सरकायला जागा मिळते. भुगा बारीक हवा, बादलीभर सिमेंटला दोन ओंजळी. जास्त घातला तर खांब कच्चा होतो. हेही सांगायला हवं, कारण मी प्रेषित नाही.

"तीनच विटा, एकच हिवाळा," मामोरेना म्हणाल्या. "पुरेल का?"

"नाही पुरणार. म्हणून खांब दर वर्षी ठोकून बघायचा. आवाज पोकळ आला तर मीच आधी सांगेन."

त्यांनी मान हलवली. सप्टेंबरात खांब उभा राहिला. नोव्हेंबरात नदी चढली, आणि लिकेलेली कोरड्या मोज्यांनी परीक्षेला आली.

तुमच्या गावातही कुणी चमत्कार घेऊन येईल. त्याच्याशी भांडू नका, पायाही पडू नका. चमत्कार घातलेली एक वीट पाडा, न घातलेली एक पाडा. दोन्ही शेजारी ठेवा आणि मेंढी सोडण्याआधी एक हिवाळा जाऊ द्या.