हेल्मेटचा पट्टा

फॉर्मवरचा चौथा प्रश्न होता, पोहता येतं का. रुद्रेशनं 'होय' लिहिलं आणि खाली सही केली.

त्याला पोहता येत नव्हतं. वय सदतीस, उदगीरला भांड्यांचं दुकान. इंजिनिअरिंगची चार वर्षं त्यानं नांदेडजवळ विष्णुपुरीला काढली होती. मित्र धरणाच्या पाण्यात उतरायचे तेव्हा हा काठावर बसून राहायचा. पण लग्न ठरताना मंजुश्रीपुढं काहीतरी बोलायचं म्हणून तो बोलून गेला, की आम्ही गोदावरीत या काठावरून त्या काठाला जायचो. तिला ते आवडलं. तिनं माहेरी, लातूरला सांगितलं. बारा वर्षं ती थाप तशीच चालत आली, कारण उदगीरमध्ये पोहून दाखवायला कोण सांगणार होतं?

कोकणात जायची टूम मंजुश्रीच्या धाकट्या भावाची, सोमेशची. सोमेश लातूरला खाजगी क्लासमध्ये फिजिक्स शिकवायचा. एकोणतीस वर्षांचा, लग्न व्हायचं होतं, निलंग्याकडच्या मामाच्या विहिरीत लहानपणी पोहायला शिकलेला. त्यानं मोबाईलवर एक व्हिडिओ दाखवला होता. हेल्मेट आणि लाइफ जॅकेट घातलेली माणसं एका बेटाच्या खडकाळ कडेनं चालत होती, चढत होती, मध्येच समुद्रात उडी मारून पलीकडच्या खडकावर निघत होती. "याला कोस्टिअरिंग म्हणतात, दाजी. गाईड सोबत असतो. तुम्ही तर गोदावरीवाले, तुम्हाला काय त्याचं!"

जानेवारीतल्या त्या सकाळी मंजुश्री आठ वर्षांच्या लेकीला, तनुजाला, घेऊन किनाऱ्यावर थांबली. रुद्रेश, सोमेश आणि कोल्हापूरचं एक जोडपं होडीतून बेटावर गेलं. गाईडनं फॉर्म वाचता वाचता मान वर केली.

"उदगीर? म्हणजे आपल्याकडचेच की तुम्ही! मी दयानंद, कंधारजवळचा."

"इथं कसे काय?" सोमेशनं विचारलं.

"विष्णुपुरीच्या बॅकवॉटरला पोहायला शिकलो. पुराच्या टायमाला बोटीवर काम केलं. तिथून एकानं इकडं आणलं. सहा वर्सं झाली."

"मग आमचे दाजी तुमचेच गाववाले. विष्णुपुरीला शिकलेत, गोदावरी पार करायचे."

दयानंदच्या चेहऱ्यावर ओळखीचं हसू पसरलं. त्यानं सगळ्यांना कमरेएवढ्या पाण्यात नेऊन वीस-वीस हात पोहून दाखवायला लावलं. रुद्रेश बुटाची लेस बांधत मागं रेंगाळला. त्याची पाळी आली तेव्हा दयानंद म्हणाला, "तुमचं राहू द्या. गोदावरीचा माणूस तुम्ही." तेव्हा रुद्रेशला सुटल्यासारखं वाटलं.

मग दयानंदनं एकेकाच्या हनुवटीखाली हेल्मेटचा पट्टा लावला. क्लिप बसल्याचा टक् आवाज आला, की तो पट्ट्यात दोन बोटं घालून ओढून बघायचा.

पहिला तास बरा गेला. खडकांवरून चालणं, हातांनी धरून चढणं रुद्रेशला जमत होतं. दोन ठिकाणी पाण्यातून जायचं होतं, तिथं दोर बांधलेला होता आणि जॅकेटमुळं तो तरंगत राहिला. कोल्हापूरच्या बाईंनी त्याचा फोटोही काढला. तिसऱ्या ठिकाणी दोन खडकांच्या मधे एक अरुंद घळ होती. लाट आत शिरायची, फेस होऊन वर चढायची आणि मागं ओढली जायची. बारा फुटांवरून उडी मारायची आणि घळीच्या तोंडापासून लांब, उजवीकडं पोहत जायचं, असं दयानंदनं दोनदा सांगितलं.

"कुनाला नको वाटत असंल तर वरून वाट हाय. लाजायचं काम न्हाई."

सोमेशनं पहिली उडी मारली. सहज पोहत तो पलीकडं गेला आणि खडकाला धरून ओरडला, "या दाजी!"

रुद्रेशनं उडी मारली. जॅकेटनं त्याला वर आणलं, पण तोवर नाकातोंडात खारं पाणी गेलं होतं. उजवीकडं जायचं एवढं त्याला आठवत होतं, पण तिकडं जायचं कसं ते माहीत नव्हतं. लाटेनं त्याला घळीकडं ओढलं. वरून दयानंद ओरडत होता, "दोर धरा! दोर धरा साहेब!" दोर त्याच्या हाताजवळ पडला होता. रुद्रेशला तो दिसतही होता. त्याचे हात मात्र नुसतेच पाणी झोडपत होते.

सोमेश परत फिरला. जवळ येऊन तो स्पष्ट म्हणाला, "दाजी, मला धरू नका. दोर धरा."

रुद्रेशनं त्यालाच धरलं. आधी खांदा, मग जे हाताला लागलं ते. त्याची बोटं सोमेशच्या हनुवटीखालच्या पट्ट्यात अडकली आणि सगळा भार त्यावर आला. क्लिप उघडल्याचं त्याच्या बोटांना कळलं. पुढची लाट आली, दोघांना उचलून घळीच्या भिंतीवर घेऊन गेली. भिंत आणि रुद्रेश यांच्या मधे सोमेश होता, उघड्या डोक्यानं.

दयानंदनं तोवर उडी मारली होती. रुद्रेश त्याच्या हाताला आधी लागला. त्याला ओढून त्यानं खडकावर ढकललं आणि पुन्हा आत गेला. सोमेशला बाहेर काढायला तीन-चार मिनिटं लागली. खडकावर त्याच्या छातीवर दाब देत दयानंद मोजत होता, तोंडानं श्वास देत होता, पुन्हा मोजत होता. होडीतही त्याचे हात थांबले नाहीत. तालुक्याच्या दवाखान्यात डॉक्टरांनी दोन मिनिटांत मान हलवली.

दुपारी पोलीस आले. रुद्रेश पलंगावर बसला होता, कोपराला पट्टी, शेजारी मंजुश्री. ती रडत नव्हती. तिनं त्याचा हात घट्ट धरून ठेवला होता.

हवालदारानं विचारलं, "मयताचं हेल्मेट वेगळं सापडलं. पट्टा नीट लावला होता का?"

दारात दयानंद उभा होता, अजून ओल्या कपड्यांत. "मी स्वता लावला होता साहेब. ओढून बघितला होता."

"तुला विचारलेलं नाही."

रुद्रेशनं मंजुश्रीच्या हाताकडं पाहिलं. "ढिला असेल," तो म्हणाला. "नीट लावलेला नसावा."

दयानंदनं त्याच्याकडं बघितलं. पोलीस त्याला घेऊन गेले.

रात्रभर प्रवास करून रुग्णवाहिका सकाळी लातूरला पोचली. लिंगायतांच्यात माणसाला बसवून माती देतात. पण शवविच्छेदन झालेलं, बारा तास बर्फात आडवं आलेलं अंग बसेना. विधी करणारे स्वामी पाठीमागं थांबले, निलंग्याच्या माणिकप्पा मामांनी गुडघे धरले आणि खांदे धरायला रुद्रेशला बोलावलं. कपाळाला विभूती लावेपर्यंत सोमेशची मान दोनदा रुद्रेशच्या हातावर कलंडली. रुद्रेशच्या सासूबाई, शरणम्मा, समोर भिंतीला टेकून सगळं बघत होत्या. त्यांचे यजमान जाऊन नऊ वर्षं झाली होती. हा एकच मुलगा होता.

माती देऊन परत आल्यावर त्यांनी रुद्रेशला जवळ बसवून घेतलं आणि पदरानं त्याचं तोंड पुसलं. "अप्पा, तू जिवाला लावून घेऊ नको. माझ्या लेकानं बहिणीचं कुंकू राखलं." मग आलेल्या बायकांकडं वळून म्हणाल्या, "त्या गाईडला धड पट्टा बांधता आला न्हाई. त्याची आई बी अशीच बसली पाहिजे."

येणाऱ्या प्रत्येकाला त्या हेच सांगत. माणिकप्पा मामा कोकणात जाऊन वकील लावून आले. पोलिसांनी मोठं कलम लावलं, दयानंदला जामीन मिळाला नाही. रुद्रेश उदगीरला परतला आणि दुकान उघडू लागला. गिऱ्हाईक कुकर मागायचं आणि तो कळशी काढून ठेवायचा.

फेब्रुवारीच्या शेवटी, सकाळी अकराच्या सुमारास, दुकानासमोर एक म्हातारं जोडपं येऊन उभं राहिलं. माणसाचं धोतर प्रवासानं मळलेलं. बाई पायरीवरच बसली.

"आम्ही दयानंदचे मायबाप," माणूस म्हणाला. "मी शेषेराव. ही विठाबाई. कंधारहून आलो."

रुद्रेशनं त्यांना आत बोलावलं, पाणी दिलं. विठाबाईनं तांब्या तसाच हातात धरून ठेवला.

"तुमच्या घरचं मानूस गेलं," ती म्हणाली. "आम्ही भांडाय आलो न्हाई. रडाय बी आलो न्हाई. येकच इचारायचं. पट्टा लावला व्हता का न्हाई? माझं लेकरू म्हनतंय लावला व्हता. तुम्ही म्हनताय न्हाई. तुम्ही माझ्या तोंडाकडं बघून न्हाई म्हना, आम्ही गुमान जातो."

रुद्रेश म्हणाला, "मला आठवत नाही."

"आठवत न्हाई," शेषेरावांनी सावकाश म्हटलं. "अन् पोलिसाला सांगताना आठवत व्हतं?"

शेषेराव उठले. बायकोला म्हणाले, "चल. एक वाजताची गाडी हाय." विठाबाईनं तांब्या खाली ठेवला. पाणी प्यायलं नव्हतं.

ते कोपऱ्यावरून वळेपर्यंत तो बघत राहिला. मग शटर अर्धं ओढून घरी गेला. मंजुश्री स्वयंपाकघरात भाकरी थापत होती. तनुजा शाळेत होती.

"गॅस बंद कर," तो म्हणाला.

"काय झालं?"

"मला पोहता येत नाही."

तिला कळलं नाही. त्यानं सगळं सांगितलं. विष्णुपुरीचं, फॉर्मचं, बुटाच्या लेसचं. पट्ट्याशी आल्यावर त्याला आपल्या हनुवटीखाली हात नेऊन दाखवावं लागलं. मंजुश्रीचे हात पिठानं माखलेले होते. ती ते तसेच समोर धरून उभी राहिली.

"मी तुमचा हात धरून बसले होते," ती म्हणाली. "तुम्ही पोलिसाला सांगत होता तेव्हा."

"हो."

"अन् माझी अव्वा रोज त्या गाईडच्या आईला शिव्याशाप देऊन राहिली."

"हो."

"उद्या अव्वाला सांगायचं. मी नाही सांगणार. तुम्ही सांगायचं."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं ते लातूरला गेले. शरणम्मा अंगणात गहू निवडत होत्या. जावयाला बघून त्या उठायला लागल्या, तेव्हा तो त्यांच्यापुढं खाली बसला आणि बोलायला लागला. या वेळी त्यानं काहीच गाळलं नाही. शरणम्मा सुपातल्या गव्हाकडं बघत ऐकत होत्या. मधे एकदा त्यांनी एक खडा काढून बाजूला टाकला.

सांगून झाल्यावर त्यांनी विचारलं, "तो काही बोलला का?"

"म्हणाला, मला धरू नका. दोर धरा."

"दाजी म्हणाला?"

"हो. दाजी, म्हणाला."

शरणम्मांनी सूप खाली ठेवलं. मग म्हणाल्या, "तू भिलास, धरलंस. ते पाण्यातलं. पाण्यात कुणीबी धरतंय. पण बाहेर निघाल्यावर तू काय केलास?" त्यांचा आवाज चढला नाही. "दीड महिना मी त्या बाईचं वाटोळं मागितलं देवाकडं. तू इथं बसून ऐकलास. माझ्या हातचं जेवलास."

मंजुश्री पुढं आली तर त्यांनी तिला हातानं थांबवलं.

"जा. आधी त्या लेकराला सोडव."

रुद्रेश कोकणात गेला आणि नवा जबाब दिला. पोलीस अधिकारी चिडला. खोटी माहिती दिली म्हणून तुमच्यावरही केस होऊ शकते, म्हणाला. रुद्रेशनं हो म्हटलं. माणिकप्पा मामांनी फोनवर त्याला जे बोलायचं ते बोलून घेतलं आणि मग त्याचा फोन घेणं बंद केलं. मार्चच्या मध्यावर दयानंदला जामीन झाला. केस मिटली नाही. रुद्रेशला पोहून दाखवायला लावलं नव्हतं, ही आपली चूक दयानंदनं पहिल्याच दिवशी जबाबात कबूल केली होती आणि ती कागदावर तशीच होती.

मंजुश्री तनुजाला घेऊन लातूरला राहायला गेली. अव्वाला एकटं ठेवता येत नाही, एवढंच कारण तिनं सांगितलं. तनुजाची शाळा बदलली. रुद्रेश रविवारी जातो तेव्हा मंजुश्री त्याला जेवायला वाढते. शरणम्मा तो असेपर्यंत आतल्या खोलीतून बाहेर येत नाहीत.

एप्रिलमध्ये तो कंधारच्या पुढं दयानंदच्या गावी गेला. शेतात हळद शिजवायचं काम चालू होतं. सगळीकडं वाफ आणि तो उग्र वास. विठाबाईनं त्याला लांबूनच ओळखलं आणि पाठ फिरवून ती झोपडीत गेली. दयानंद शिजलेली हळद पसरत होता. बारीक झाला होता. त्यानं हात पुसले आणि बांधावर येऊन बसला.

"माफी मागायला आलो," रुद्रेश म्हणाला.

"बरं."

"परत जाणार का कामाला?"

"पान्यात उतरवत न्हाई." दयानंदनं एक ढेकूळ उचलून बोटांत फोडलं. "तुम्ही जबाब दिला, बरं केलं. आईला झोप लागून राहिली आता. पन माझ्या डोक्यात दुसरंच असतंय. तुम्ही दोघं व्हता आत. मी तुम्हाला आधी ओढलं. का? तर जवळ व्हता म्हनून. दुसरं कायबी कारन न्हाई. चार हात इकडं तिकडं असतं तर…"

त्यानं वाक्य पुरं केलं नाही.

शेषेरावांनी तिकडून हाक मारली. पुढची हळद शिजून झाली होती, उतरवायला माणूस हवा होता. दयानंद उठला.

"चहा घेऊन जा म्हनलो असतो," तो म्हणाला, "पन आईला सांगायची माझी हिंमत न्हाई."

तो वाफेकडं गेला. बापलेकांनी दोन्ही बाजूंनी धरून जड भांडं उचललं. रुद्रेश उठला आणि बस गाठायला फाट्याकडं चालू लागला.